वाळूवरील पाऊल वाचण्याचे शास्त्र

राजस्थानातील जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांतील भारत-पाकिस्तान सीमेवर मैलोन्‌मैल वस्ती नाही. रात्री तारबंदीजवळून कोणी गेले असेल, तर ते पाहणारा माणूस तेथे सहसा नसतो. म्हणूनच सीमा सुरक्षा दलाचे जवान तारबंदीलगतची वाळू सपाट करून ठेवतात आणि सकाळच्या गस्तीत तिच्यावर उमटलेल्या खुणा तपासतात.

सकाळचीच वेळ का, हे सोलापूरकरांना चटकन उमजेल. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि भर दुपारी उभ्या खांबाचीही सावली नाहीशी होते. जैसलमेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे सूर्य कधीच नेमका डोक्यावर येत नाही, तरीही जूनमधील मध्यान्ही पावलाच्या एक सेंटिमीटर उंच कडेची सावली एक मिलिमीटरसुद्धा पडत नाही. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असताना मात्र तीच सावली साडेपाच सेंटिमीटरांहून लांब होते आणि पुसट ठसाही उठून दिसतो. रात्री विजेरी जमिनीलगत आडवी धरण्यामागेही हेच भूमितीचे कारण आहे.

ठसा किती जुना आहे, हे ओळखणे अधिक अवघड, आणि माझ्या मते या विद्येचा सर्वांत सुंदर भाग तोच. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे चिखलात उमटलेले पाऊल वाळल्यावर कित्येक दिवस टिकते. कोरड्या वाळूच्या कणांत असे बंधन नसते; उतार साधारण ३४ अंशांपेक्षा तीव्र झाला की ती ढासळते. पहाटेच्या दवाने कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पृष्ठताणामुळे पावलाची कड काही काळ ताठ राहते. ऊन चढले, वारा सुटला की ती गोलसर होत जाते. रात्री फिरणाऱ्या किड्यांची नक्षी ठशाच्या आत दिसली, तर माणूस त्यांच्या आधी गेला. ती ठशाखाली दबली असेल, तर नंतर.

चालण्याची ढबही वाळूत उमटते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार वाळूवर चालण्यास कठीण जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलागणिक काही शक्ती वाळू सरकवण्यात खर्ची पडते. थकलेल्या किंवा ओझे वाहणाऱ्या माणसाची पावले म्हणून जवळजवळ पडतात आणि टाचेची फरफट दिसू लागते. रुंद, मऊ तळव्यांमुळे उंट वाळूत कमी रुततो, आणि गस्तीसाठी तो आजही वापरला जातो.

उष्णतेवर चालणारा कॅमेरा समोरचे शरीर अंधारातही दाखवतो, परंतु निघून गेलेल्या माणसाची दिशा सांगायला पावलांचा जाणकार, म्हणजे पागी, लागतो. बनासकांठ्याचे रणछोडदास पागी यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत याच ज्ञानाच्या बळावर भारतीय सैन्याला साहाय्य केले, आणि उत्तर गुजरातच्या सीमेवरील सीमा सुरक्षा दलाच्या एका चौकीला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.