पाऊस जास्त तिथं माणसं थोडी

२०१० साली बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमगावात वर्षभरात दहा हजार मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली. मिलिमीटरमध्ये सांगितलं की काही डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून एका गुंठ्याचं अंगण धरा. गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. त्यावर पडलेलं पाणी कुठंही वाहून गेलं नसतं, तर दहा मीटर उंच उभं राहिलं असतं. तीन मजली घर बुडेल एवढं. लिटरमध्ये दहा लाख, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर, आणि तेही एकट्या अंगणावर. तरी याच पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांवर मे महिन्यात झऱ्याशी बसून वाटीनं घागर भरावी लागते.

या भागातल्या माणसांचा हिशोब मांडायचा तर सुरुवात इथून करावी लागते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, दर चौरस किलोमीटरला सरासरी ३५६ माणसं. पण जांबोटी सोडून घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडे निघालात, की ही सरासरी रस्त्यातच गळून पडते. मैलोन्‌मैल झाडी, मध्येच दहा-वीस कौलारू घरं, एखादा गवळीवाडा, पुन्हा झाडी.

पाऊस इतका का पडतो? अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा गोव्याची सपाटी ओलांडते आणि सह्याद्रीला येऊन अडते. वर चढण्यावाचून तिला वाट नसते. उंचीवर दाब कमी असल्यामुळे ती पसरते आणि पसरली की थंड होते. ढगातली हवा किलोमीटरभर चढली की सहाएक अंशांनी गार होते. गार हवेत तेवढी वाफ मावत नाही, मग उरलेलं पाणी घाटमाथ्यावर कोसळतं. माथा ओलांडून पूर्वेला उतरताना तीच हवा पुन्हा तापते आणि ढग विरत जातात. म्हणून आमगाव-कणकुंबीला धो धो, खानापुरात दीड-दोन हजार मिलिमीटर आणि अथणीकडे जेमतेम पाच-सहाशे. कणकुंबी ते अथणी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही भरत नाही. एकाच जिल्ह्यात एकीकडे इरलं आणि दुसरीकडे दुष्काळ.

एवढ्या पावसानं डोंगराचं जे होतं, ते पाहायचं तर नव्या विहिरीच्या कडेला उभं राहावं. मी एकदा तासभर तसा उभा होतो. वरचा वीतभर मातीचा थर संपला की लगेच जांभा लागतो. नुकता उघडा पडलेला जांभा ओलसर, तांबडा-पिवळा आणि मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं त्याचे चिरे निघतात. तेच चिरे उन्हावाऱ्यात पडले की वर्षागणिक कठीण होत जातात. म्हणून आमच्याकडची जुनी घरं जांभ्याची. १८०७ साली बुकानन या स्कॉटिश डॉक्टरानं केरळात हा दगड पाहून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं, तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून.

पण घराला चांगला असलेला हा दगड शेताला फार काही देत नाही. लाखो वर्षांच्या पावसानं मूळ खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि बरंचसं सिलिकाही धुऊन नेलं. मागं राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. गंजाचा तांबडा रंग त्या लोहाचा. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र, त्यामुळे पाणी त्यातून झिरपून खाली निघून जातं, वर टिकत नाही. मे महिन्यातल्या वाटीचं उत्तर तिथं आहे. अशा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाटीवर, नाचणा येतो, काजू येतो. भाताला मात्र दरीतलाच खाचरांचा तुकडा लागतो, आणि असे तुकडे थोडेच. माणसं थोडी राहिली ती यामुळं. जंगल आहे म्हणून वस्ती नाही असं सगळे म्हणतात. मला उलटं वाटतं. फार माणसांना पोसण्याइतकी माती नव्हती, म्हणून जंगल टिकलं.

डोंगरानं गमावलेलं सगळं खाली कुठंतरी साचतं. मलप्रभा कणकुंबीला सुमारे ७९२ मीटर उंचीवर उगम पावते. साधारण साडेसहाशे मीटरवरच्या खानापुरापर्यंत येताना तिचा उतार मंदावतो आणि पाण्यातला बारीक गाळ खाली बसतो. दरीतल्या त्या चिकणमातीवर खानापूरचे कुंभार, वीटभट्ट्या आणि कौलांचे कारखाने उभे राहिले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही याच गावात आहे. पाऊस बेताचा, माती भरपूर, नदी शेजारी, पुढं लोंढ्याकडे जाणारी रेल्वे. गाव इथंच मोठं होणार होतं.

मोठं म्हणजे तरी किती? कर्नाटकात पट्टण पंचायत, म्हणजे आपल्याकडची नगरपंचायत, होण्यासाठी लोकसंख्या १० ते २० हजारांच्या दरम्यान असावी लागते, आणि खानापूर त्यात बसतं. जनगणनेची आणखी एक कसोटी आहे: किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर. यात बसलेलं गाव ग्रामपंचायतीचं असलं तरी कागदावर शहर ठरतं. घाटमाथ्यावरची एकही वाडी यांतल्या कशाच्या जवळपास येत नाही.

तरी पाण्याचं वाटप होतं ते त्यांच्याच दारात. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला वळते आणि ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच परिसरातला कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडे उतरतो आणि ते पाणी पणजीपाशी समुद्रात जातं. दोन्हींमधला उंचवटा इतका अरुंद, की कळशाचं पाणी मलप्रभेत वळवण्याची योजना आखता आली. ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई पाणीतंटा लवादानं म्हादईतलं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला दिलं. गोवा आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांत त्यावर रान पेटलं. मात्र आमगाव, देगाव, गवाळी, पास्तोली या भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवर पावसाळ्यात नाले भरले की आजाऱ्याला डोलीत घालून चालत न्यावं लागतं. टीएमसीच्या चर्चेत ही माणसं येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोजणीतही ती पूर्ण येत नाहीत. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत जो घरी होता तो तिथला. सगळे वीस दिवस बाहेर असलेला माणूस जिथं असेल तिथं मोजला जायचा. नियम म्हणून हे बरोबरच आहे, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण जांबोटीच्या पुढच्या एका वाडीवर मी एका आजींना घरात किती माणसं म्हणून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही सातजण हाव की. हितं मी नि म्हातारा." दोन मुलं गोव्यात, एक पुण्यात, दोन सुना सोबत. गणतीत इथले दोन आणि बाकीचे पाच गोव्या-पुण्याच्या खात्यात. आजींच्या हिशोबात मात्र सात, कारण सातही जणांची भांडी त्यांच्या फळीवर पालथी घातलेली होती.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत. तेव्हा भात झोडून झालेलं असतं, रानात काम उरत नाही, आणि हातपाय चालणारे सगळे घाट उतरून कामाला गेलेले असतात. ते परततात शिमग्याला. २०२७ ची धुळवड २२ मार्चला आहे.