रस्ता सायकल शर्यतीतील सहकारी : निष्ठा आणि चुरस

व्यावसायिक रस्ता सायकल शर्यतीत एकाच संघाकडून धावणाऱ्या सायकलपटूंमधील परस्परसंबंध. शर्यत संघ धावतो आणि विजेता म्हणून नाव एकाचेच लागते, या विसंगतीतून हे संबंध घडतात. फुटबॉलमध्ये गोल कुणीही केला तरी सामना अकराही जण जिंकतात. इथे टूर द फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत संघातले आठ जण उतरतात (२०१८ पूर्वी नऊ उतरत), त्यांतला एक जिंकतो आणि उरलेले सात निकालपत्रात कुठेतरी खाली, कधी दोन-तीन तासांच्या पिछाडीने सापडतात. तरीही त्या संध्याकाळी तेही ‘आपण जिंकलो’ असेच म्हणतात. ते म्हणणे किती खरे असते, यावरच या खेळातली बहुतेक भांडणे झाली आहेत.

निष्ठेचे मूळ वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून येणाऱ्याला त्याच वेगासाठी साधारण एकतृतीयांश कमी श्रम पडतात. म्हणजे या खेळात ताकद एकाकडून दुसऱ्याला अक्षरशः देता येते. चार तास वारा अंगावर घेणारा सहायक आपली ताकद नायकाच्या (संघ ज्याला जिंकवण्यासाठी धावतो त्याच्या) खाती जमा करतो आणि स्वतः शेवटच्या चढाच्या पायथ्याशी रिकामा होऊन बाजूला होतो. या देण्याची नोंद मात्र निकालात कुठेच होत नाही. ही उसनवारी तोंडी असते, आणि तोंडी उसनवारीत जे होते तेच इथेही होते.

चढावर हा हिशेब उघडा पडतो. वेग कमी झाला की आडोशाचा फायदाही घटतो आणि प्रत्येकाला आपले वजन स्वतःच वर न्यावे लागते. नायकापेक्षा सहायकच ताकदवान आहे, ही गोष्ट सपाटीवर महिनोन्‌महिने झाकून राहू शकते. घाटात ती दहा मिनिटांत सगळ्यांना दिसते. सहकाऱ्यांमधले गाजलेले तंटे बहुतेक डोंगरातच झाले, त्याचे कारण हे आहे.

सहायक

सहायकाला फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी म्हणतात. हा शब्द शिवी म्हणून रूढ झाला. १९११ च्या टूरमध्ये मोरिस ब्रोको याने स्वतःच्या विजयाची आशा संपल्यावर फ्रांस्वा फाबेरला ओढून नेले. संयोजक आँरी देग्रांज यांना हे सौदेबाजीचे वाटले. त्यांच्या कल्पनेतली शर्यत एकट्या माणसाच्या कसोटीची होती. त्यांनी ब्रोकोला घरगडी म्हणून हिणवले. दुसऱ्या दिवशी ब्रोकोने संतापून टप्पा (शर्यतीतली एका दिवसाची दौड) जिंकला, तेव्हा एवढी ताकद असून ती विकत होता म्हणून देग्रांज यांनी त्याला शर्यतीतूनच काढून टाकले. आज त्याच कामासाठी संघ वर्षावर्षाचे करार करतात. इटालियनमधला ‘ग्रेगारियो’ हा शब्द थोडा मऊ आहे. त्यात कळपातला, साधा शिपाईगडी असा भाव आहे.

कामे ठरलेली असतात. संघाच्या मोटारीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून पुढे आणणे, पळून गेलेल्यांचा पाठलाग करणे, नायकाचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देणे, शेवटच्या किलोमीटरमध्ये वेगवान गड्याला वाट करून देणे. यांतले चाक देण्याचे काम रने व्हिएतोमुळे दंतकथेत जाऊन बसले. १९३४ च्या टूरमध्ये २० वर्षांच्या व्हिएतोने पिरेनीज पर्वतात आपला नायक आंतोनँ मान्येला चाक दिले आणि मदतीच्या मोटारीची वाट पाहत रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला. त्याचे ते छायाचित्र फ्रान्सभर पोचले. दुसऱ्या दिवशी तो मान्येच्या पुढे होता. नायक पुन्हा अडकल्याचे कळताच तो उलटा चढून गेला आणि त्याला मदत केली. मान्ये जिंकला. व्हिएतोने टूर गमावली ती त्या चाकापायी, असे लोक अजून सांगतात. आकडे तसे सांगत नाहीत. तो पाचवा आला, मान्येपेक्षा जवळजवळ एक तास मागे, आणि दोन दिवसांच्या थांबण्यात एवढा वेळ जात नाही. पण त्या कठड्यावरच्या पोराने जेवढे नाव कमावले, तेवढे त्या वर्षीच्या विजेत्यालाही लाभले नाही.

आंद्रेआ कार्रेआची गोष्ट याहून बोलकी आहे. तो फाउस्तो कोप्पी या इटालियन नायकाचा ग्रेगारियो. १९५२ च्या टूरमध्ये लोझानच्या टप्प्यावर पळून गेलेल्यांवर लक्ष ठेवायला म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला, ती टोळी शेवटपर्यंत सापडली नाही आणि पिवळी जर्सी (एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची) कार्रेआच्या अंगावर आली. त्याला रडू कोसळले, ते भीतीने. नायकाची जर्सी आपण घेतली म्हणून कोप्पी रागावेल, असे त्याला वाटत होते. कोप्पीने त्याचे अभिनंदन केले आणि दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझच्या चढावर जर्सी स्वतःकडे घेतली.

पाठलागाचा नियम

सहकाऱ्यांच्या वर्तनाचा एकच अलिखित नियम सर्वमान्य आहे : आपला माणूस पुढे पळाला असेल तर त्याच्यामागे समूह (सायकलपटूंचा मुख्य जथा) ओढत न्यायचा नाही. मागे बसायचे, दुसऱ्यांना दमू द्यायचे. या खेळात विश्वासघात ही भावनेपेक्षा जागेची गोष्ट आहे. कोण कुणाच्या पुढे जाऊन वारा कापतो आहे, एवढे पाहिले की कळते. नियम सोपा आहे, फक्त ‘आपला माणूस’ कोण हे दरवेळी स्पष्ट नसते.

कोप्पी आणि बार्ताली

१९४० च्या जिरो द’इतालिया या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत जीनो बार्ताली लेन्यानो संघाचा नायक होता आणि २० वर्षांचा कोप्पी त्याचा मदतनीस. सुरुवातीच्याच एका टप्प्यावर कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला आणि मागे राहिला. कोप्पी पुढे निघाला. पुढच्या डोंगरांत बार्तालीनेच त्याला धीर देत वर नेले. कोप्पीने ९ जूनला शर्यत जिंकली आणि दुसऱ्या दिवशी इटली युद्धात उतरली.

युद्धानंतर दोघे वेगळ्या संघांत गेले. पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि त्या काळच्या टूरमध्ये देशाच्या संघातून एकत्र धावावे लागे. १९४८ मध्ये व्हाल्केनबर्गच्या जागतिक स्पर्धेत दोघांनी एकमेकांवर नजर ठेवण्यापलीकडे काहीच केले नाही आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. इटालियन महासंघाने दोघांना निलंबित केले. पुढच्या वर्षीच्या टूरसाठी व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा यांना दोघांना एकत्र बसवून समेट घडवावा लागला. तरीही सँ-मालोच्या टप्प्यावर कोप्पीची सायकल मोडली तेव्हा बिंदांची मोटार जवळ नव्हती. ते मुद्दाम बार्तालीजवळ राहिले, या संशयाने कोप्पी शर्यत सोडायला निघाला होता. कसेबसे त्याला थोपवले गेले. आल्प्समध्ये दोघे मिळून सगळ्यांना सोडून गेले. ब्रियाँसाँला बार्तालीच्या ३५ व्या वाढदिवशी कोप्पीने टप्पा त्याला दिला. दुसऱ्या दिवशी आओस्ताकडे जाताना बार्ताली पंक्चर होऊन पडला. कोप्पी थांबला, आणि बिंदांनी ‘जा’ म्हटल्यावरच निघाला. पॅरिसमध्ये कोप्पी पहिला आणि बार्ताली दुसरा होता. ही जोडी वैराची म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्या दोन दिवसांत देणे आणि घेणे दोन्ही चुकते झाले.

इनो आणि लेमाँड

चुकते न झालेल्या उसनवारीचे उदाहरण म्हणजे ला व्ही क्लेर संघ. १९८५ च्या टूरमध्ये त्याचा फ्रेंच नायक बेर्नार इनो पिवळ्या जर्सीत होता. सँत-एत्येनला पडून त्याचे नाक मोडले होते. लुझ आर्दिदेनच्या चढावर त्याचा तरुण अमेरिकन सहकारी ग्रेग लेमाँड पुढच्या टोळीत होता आणि चांगलाच ताजा होता. संघाच्या मोटारीतून त्याला जोर लावू नकोस असे सांगण्यात आले, इनो फार मागे नाही असेही सांगण्यात आले. प्रत्यक्षातले अंतर सांगितल्यापेक्षा जास्त होते, हे लेमाँडला नंतर कळले. इनोने पाचवी टूर जिंकली आणि लेमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा आला. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी धावेन, असे इनोने जाहीरपणे सांगितले.

१९८६ मध्ये पो शहराच्या टप्प्यावर इनो पेद्रो देल्गादोबरोबर पळाला आणि लेमाँडच्या पाच मिनिटांहून पुढे गेला. पाठलागाचा नियम लेमाँडला बांधत होता. आपल्याच नायकामागे समूह कसा न्यायचा? दुसऱ्या दिवशी इनो पुन्हा एकटा सुटला. या वेळी मात्र त्याचे पाय संपले, तो पकडला गेला आणि सुपरबान्येरचा टप्पा लेमाँडने जिंकला. आघाडी ४० सेकंदांवर आली. कोल दु ग्रानोनला पिवळी जर्सी लेमाँडकडे गेली. दुसऱ्या दिवशी दोघे आल्प द्युएझवर सगळ्यांच्या पाच मिनिटे पुढे, हातात हात घालून पोचले आणि इनोने चाक किंचित पुढे काढून टप्पा घेतला. ते छायाचित्र समेटाचे म्हणून छापले जाते. शर्यत अजून संपलेली नाही, असे इनोने त्यानंतरच सांगितले होते. शेवटी लेमाँड ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला.

प्रतिस्पर्ध्यांना दमवण्यासाठी आणि लेमाँडची कसोटी पाहण्यासाठी आपण हल्ले केले, हे इनोचे म्हणणे. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही, कारण त्या हल्ल्यांनी इतर सगळे खरोखर संपले. पण सहाव्या विजयाची संधी समोर असलेल्या माणसाने कर्ज फेडताना घेणेकऱ्यालाच धाप लावावी, ही फेड जरा विचित्रच.

उघड बंड

१९८७ च्या जिरोत काररेरा संघात आदल्या वर्षीचा विजेता रोबेर्तो विझेंतिनी आणि आयर्लंडचा स्टीफन रोश हे दोघे होते. जिरोतल्या आघाडीची गुलाबी जर्सी विझेंतिनीकडे असताना साप्पादाच्या टप्प्यावर रोश पळाला. संघाने त्याला थांबायला सांगितले, तो थांबला नाही. मग त्याच्याच संघाने त्याचा पाठलाग केला. संघातला बेल्जियन एडी शेपर्स तेवढा त्याच्या बाजूने राहिला. विझेंतिनी त्या दिवशी कोलमडला, जर्सी रोशकडे आली आणि पुढचे दिवस इटालियन प्रेक्षक रोशवर थुंकत राहिले. त्याने जिरो जिंकली, त्याच वर्षी टूर आणि जागतिक अजिंक्यपदही जिंकले. टूरमध्ये विझेंतिनी आपल्याला मदत करणार नाही याची खात्री पटली होती, असे रोश सांगत आला आहे.

रेडिओनंतर

१९९० च्या दशकात कानात रेडिओ आले आणि आज्ञा मोटारीतून थेट पोचू लागली. २०१२ च्या टूरमध्ये ला तुसुईरच्या चढावर क्रिस फ्रूम पिवळ्या जर्सीतल्या सहकारी ब्रॅडली विगिन्सला मागे टाकून निघाला, रेडिओवर बोलावणे आले आणि त्याने वेग उतरवला. विगिन्स जिंकला आणि फ्रूम दुसरा आला. आदल्या वर्षीच्या व्हुएल्तात (स्पेनमधल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत) फ्रूमने विगिन्ससाठी वारा घेतला होता आणि शर्यत १३ सेकंदांनी खुआन होसे कोबोकडे गेली होती. कोबो उत्तेजक सेवनात दोषी ठरल्यावर २०१९ मध्ये तो विजय फ्रूमला देण्यात आला. त्या १३ सेकंदांची परतफेड आठ वर्षांनी आणि भलत्याच मार्गाने झाली.

२०२३ च्या व्हुएल्तात प्रश्न उलटा झाला. सेप कुस हा युम्बो-व्हिस्मा संघातला डोंगरातला सहायक. त्याच वर्षी त्याने प्रिमोझ रोग्लिचला जिरो आणि योनास विंगेगोला टूर जिंकताना साथ दिली होती. व्हुएल्तात पळून गेलेल्या टोळीतून आघाडीची लाल जर्सी त्याच्या अंगावर आली, आणि ज्यांच्यासाठी तो झिजला तेच दोघे त्याचे सर्वांत जवळचे प्रतिस्पर्धी ठरले. आंग्लिरूच्या चढावर दोघे त्याला सोडून पुढे गेले. त्याच्या मदतीला आला तो दुसऱ्या संघाचा मिकेल लांदा. जर्सी ८ सेकंदांनी वाचली. बाहेर टीकेचा गदारोळ उठल्यावर संघाने दोघांना आवरले आणि कुस १७ सेकंदांनी जिंकला. तीनही मोठ्या शर्यती एकाच वर्षी एकाच संघाने जिंकल्या, त्याही तीन वेगळ्या माणसांनी.

सहकाऱ्यांनी खुलेपणे लढावे, असेही कधी ठरते. २०२३ च्या स्त्राद बियांके या इटलीतल्या एका दिवसाच्या महिला शर्यतीत डेमी व्होलरिंग आणि लोटे कोपेकी एकाच संघाच्या असून शेवटच्या रेषेपर्यंत एकमेकींशी झुंजल्या. निकाल छायाचित्रावरून व्होलरिंगकडे लागला. तीनच आठवड्यांनी गेंट-वेव्हेलगेम या बेल्जियममधल्या शर्यतीत वाउट व्हान आर्टने सहकारी क्रिस्तोफ लापोर्तला शांतपणे पुढे जाऊ दिले.

पैसा आणि देश

बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याची जुनी प्रथा आहे. टूरच्या विजेत्याला मिळणारे ५,००,००० युरो त्याच्या खिशात सहसा राहत नाहीत. तोंडी उसनवारीतला एवढाच भाग रोख स्वरूपात चुकता होतो.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तोही आधार नाही. वर्षभर पगार देणारा संघ वेगळा आणि त्या एका दिवसाची जर्सी देशाची. १९७३ मध्ये बार्सिलोनात शेवटच्या चौघांत दोन बेल्जियन होते, एडी मेर्क्स आणि फ्रेडी मार्टेन्स. मार्टेन्सने मेर्क्ससाठी वेग धरला, मेर्क्सचे पाय चालले नाहीत, इटलीचा फेलिचे जिमोंदी जिंकला आणि दोघांनी एकमेकांना दोष दिला. तो वाद दशकानुदशके चालला. त्याच्या दहा वर्षे आधी, रोन्सेमध्ये बेल्जियन संघ रिक व्हान लोयसाठी धावत होता, घरच्या प्रेक्षकांसमोर. शेवटच्या मीटरांत व्हान लोय तिरका सरकला, मागून आलेल्या २२ वर्षांच्या बेनोनी बेहेटचा हात त्याच्या अंगाला लागला आणि बेहेट किंचित पुढे निघाला. ढकलले की स्वतःला सावरले, यावर एकमत झाले नाही. जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी बेहेटला मिळाली. व्हान लोयचा समूहातला दबदबा मोठा होता आणि बेहेटची कारकीर्द काही वर्षांतच संपली.