पारावर बसणाऱ्यांच्या रक्तात काय घडतं

पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो, म्हणून त्याच्या पारावर बसणारी म्हातारी माणसं ठणठणीत राहतात, असा संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. पहिला भाग साफ चूक आहे. पानांत ऑक्सिजन तयार होतो तो उजेड असेपर्यंतच. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच श्वसन करतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. दुसऱ्या भागात मात्र तथ्य आहे, पण त्याचं श्रेय झाडाला नाही, शेजारी बसलेल्या आप्पा-नानांना आहे.

मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांतली तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. ‘एकटेपणा म्हणजे रोजच्या 15 सिगारेटी’ हे वाक्य अशाच तुलनेतून पसरलं. मला ते पटत नाही. धूर फुप्फुसांचं जे करतो, ते एकटेपणा करत नाही. त्याची वाट वेगळी आहे, आणि ती विलक्षण आहे.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला धोका जाणवला की तो पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो. तिचा निरोप मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना पोचतो आणि रक्तात कॉर्टिसोल हे संप्रेरक उतरतं. दाह, म्हणजे शरीरातली सूज-जळजळ, आवरणं हे त्याचं एक मोठं काम. ते पांढऱ्या पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतं, ही जोडी केंद्रकात जाते आणि एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाला दाहाची जनुकं चालू करू देत नाही. माणूस महिनोन्‌महिने एकाकी राहिला की मेंदू सतत सावध असतो. घरात रोज ओरडणाऱ्याचं जसं पुढे कोणी ऐकेनासं होतं, तसे हे ग्राहक कॉर्टिसोलला दाद देईनासे होतात. कॉर्टिसोल रक्तात असतं, दाह मात्र आवरत नाही. स्टीव्ह कोल आणि जॉन कॅसिओपो या संशोधकांच्या गटाने 2007 मध्ये एकाकी आणि एकाकी नसलेल्या लोकांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा 209 जनुकांच्या कामात फरक दिसला. एकाकी लोकांत दाहाची जनुकं जोरात होती, विषाणूंशी लढणारी आणि प्रतिपिंडं बनवणारी मंद. त्या अभ्यासात माणसं फक्त 14 होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण पुढच्या अभ्यासांनीही हीच दिशा दाखवली. असा रेंगाळणारा दाह रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला घातक असतो. आणि इथे मोजायची ती घरातली डोकी नव्हेत. भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो.

पुरुषांची ओळखपाळख बहुधा कामातून जुळते: शेत, जिनिंग, शाळा, एसटी डेपो. काम सुटलं की सोबतही सुटते, आणि ‘करमत नाही’ असं तोंडाने म्हणणं त्यांना जड जातं. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकापासून यासाठी ‘मेन्स शेड’ उभे राहिले. तिथे म्हातारे पुरुष एकत्र सुतारकाम, दुरुस्ती करतात. हात कामात असले की बोलणं आपोआप निघतं. खान्देशात हिवाळ्यातली भरीत पार्टी हेच करते. शेतात काड्या पेटवायच्या, बामणोदची हिरवी वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची. त्या दोन-तीन तासांत एरवी गप्प असणारा माणूसही कापसाच्या भावावरून सुरू होऊन मुलाच्या सुरतेतल्या नोकरीपर्यंत येतो. ज्येष्ठ नागरिक संघांनी नुसती व्याख्यानं ठेवण्यापेक्षा असं काहीतरी दर महिन्याला करावं, असं मला मनापासून वाटतं. एकटेपणा घालवणारी भस्मं आणि ताईत विकणाऱ्यांना मात्र पारावर चढू देऊ नये.

आणखी एक. रोज येणारे आबा एकाएकी यायचे थांबले, तर ‘ते आता कोणात मिसळत नाहीत’ असं ठरवण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या. ऐकू कमी आलं की चारचौघांतलं बोलणं तुटक कळतं, चुकीचं उत्तर दिलं जातं, लोक हसतात आणि माणूस घरी बसतो. शिबिरांत मोतीबिंदू तपासतात, तशीच श्रवणाची तपासणीही मागून घ्यावी. श्रवणयंत्र मिळेपर्यंत त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसावं आणि एका वेळी एकानेच बोलावं.