माणगावचा पुतळा आणि इटलीतलं सूर्यघड्याळ

गणपतीला गावी जाणारे चाकरमानी माणगावच्या कोंडीत तासन्‌तास अडकून पडतात. त्याच माणगावात तहसील कार्यालयाबाहेर दुसऱ्या महायुद्धातल्या एका नाईकाचा, म्हणजे सैन्यातल्या कनिष्ठ हुद्देदाराचा, पुतळा आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले तेव्हा त्यांना तेविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

कोकणातून पलटणीत जाणं तेव्हा नवलाचं नव्हतं. भाताचं एकच पीक, उतारावरच्या वरकस जमिनीत थोडी नाचणी-वरी, वर खोताचं देणं. एक भाऊ गिरणीत, दुसरा पलटणीत आणि घर दोघांच्या मनिऑर्डरवर. भरतीच्या कागदांत ‘कोकणी मराठा’ हा देशावरच्यांपासून वेगळा वर्गच होता. घाडगे 5व्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. ही मूळची 110वी पलटण. 1916 साली मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराच्या वेढ्यात उपासमारीनंतर जे शरण गेले, त्यांत तीही होती.

रोम 4 जूनला पडलं होतं. जर्मन फौज उत्तरेकडे हटत होती, पण टायबर नदीच्या खोऱ्यातली एकेक टेकडी लढवत. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडग्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीतले, बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच गनवर धावून गेले. ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा बाद केला, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते कोसळले. सरकारी नोंदीत आहेत ती एवढीच काही मिनिटं. आधीची बावीस वर्षं त्या कागदाच्या खिजगणतीतही नाहीत.

त्यांचा तेव्हाचा पत्ताही आता उरलेला नाही. कुलाबा जिल्ह्याचा 1981 मध्ये रायगड झाला. त्यांची बटालियन 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आज ती 2 पॅरा. थडगं नाहीच, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर हजारो नावांत एक नाव आहे. इटलीच्या मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक मेले. तिथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातल्यांचे.

इटलीत त्याच टायबरच्या खोऱ्यातल्या मोंतोने गावाने मात्र जुलै 2023 मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक उभं केलं. ते सूर्यघड्याळ आहे. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याला जोडलेलं आहे. 10 जुलैला माणगावकडे भाताची लावणी चालू असते, आणि ऊन बहुधा नसतंच.