ब्लेझर आणि रायडिंग कोट: दिसायला भावंडं, कापायला वेगळे

थंडी पडायला लागली की साताऱ्यातल्या माझ्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. आई नाहीतर वडील शाळेचा ब्लेझर हातावर टाकून येतात आणि विचारतात, "काका, पोरीची घोडेस्वारीची स्पर्धा आहे. हाच घातला तर चालेल ना? नाहीतर अस्साच एक काळ्या रंगात शिवून द्या."

विचारणाऱ्यांची चूक नाही. दोन्ही कोट शेजारी शेजारी हँगरला लावले तर सख्खी भावंडं वाटतात. कॉलर तीच, बटणं पुढे, मागे कट, आत अस्तर. बाजारातही एकाचं नाव दुसऱ्याला सर्रास लावतात. त्यात लग्नातल्या बंद गळ्याच्या कोटाला आपण जोधपुरी म्हणतो आणि घोडेस्वारीच्या तुमानीलाही जोधपूरचंच नाव, त्यामुळे काही जण थेट जोधपुरी कोटच शिवायला सांगतात. मीही एकदा या दिसण्याला फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाईजवळच्या एका गावातली मुलगी पाचगणीला शाळेत होती. तिच्यासाठी नेव्ही ब्लू कोट शिवला. माझा हात शाळेच्या ब्लेझरवर बसलेला, म्हणून तोच नमुना घेतला, एक बटण वाढवलं आणि मागचा कट थोडा लांब ठेवला. ट्रायलला आरशासमोर कोट इतका सुरेख बसला की तिचे वडीलही खूश झाले. आठवड्याभरात दोघं परत आले. घोड्यावर बसलं की कॉलर मानेपासून सुटून मागे उभी राहायची, बाह्या मनगटाच्या वर चढायच्या, खालचं बटण ताणायचं आणि मागचे पदर खोगिराखाली दुमडायचे. मुलगी म्हणाली, "काका, उडीच्या वेळी हात पुढं द्यायला गेलं की पाठीत आवळतंय."

त्या एका वाक्यात सगळा फरक आहे. ब्लेझर उभ्या माणसासाठी कापतात: हात अंगाशी, खांदे मागे, पोट आत. रायडिंग कोट बसलेल्या माणसासाठी कापतात: पाय फाकलेले, कोपरं वाकलेली, दोन्ही हात लगाम धरून पुढे. शरीर तेच, पण मापं तीच राहत नाहीत.

सगळ्यात आधी पाठ. दोन खांद्यांच्या फऱ्यांमधली रुंदी हात खाली असताना घ्या, मग हात लगाम धरल्यासारखे पुढे करून घ्या. माझ्या टेपवर सहज दीड-दोन इंचांचा फरक येतो. ब्लेझरमध्ये ही जागा सोडत नाहीत, कारण उभ्या माणसाच्या पाठीवर त्या जास्तीच्या कापडाचा झोळ दिसतो. रायडिंग कोटात ती जागा द्यावीच लागते, कधी ताणणाऱ्या कापडानं, कधी पाठीच्या कापातून. ही गोष्ट केवळ आरामाची नाही. घोडा अडथळ्यावरून जाताना मान लांब करतो आणि स्वारानं त्याच वेळी हात पुढे सोडायचे असतात. पाठीत कोट आवळला तर हात अडतात, लगाम ताणला जातो आणि तो हिसका थेट घोड्याच्या तोंडात बसतो. चूक माझ्या कात्रीची आणि कळ त्या मुक्या जनावराला. हे समजल्यापासून मी या कामात घाई करत नाही.

पाठीला लागूनच मुंढा येतो, म्हणजे बाही जोडायचा गोल काप. बहुतेकांना वाटतं की हात मोकळा हवा तर मुंढा मोठा ठेवावा. प्रत्यक्षात उलटं होतं. मुंढा खोल आणि सैल ठेवला तर हात उचलताना बाही अख्ख्या कोटाला वर ओढते. मुंढा काखेच्या जवळ, उंच आणि बेताचा ठेवला तर हात आपल्यापुरता हलतो, कोट जागेवर राहतो. म्हणून चांगला रायडिंग कोट दुकानात पहिल्यांदा घालताना काखेत थोडा घट्ट वाटतो आणि ब्लेझर मोकळा वाटतो. खोगिरावर हा अंदाज फिरतो. आपल्याकडच्या जुन्या अंगरख्यातही काखेत वेगळा तुकडा जोडायचे आणि कमरेखाली घेर सोडायचे. हाताला वाव हवा आणि कमरेखाली पाय मोकळे हवेत, हे तेव्हाच्या शिंप्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाहीचंही तसंच. ब्लेझरची बाही मनगटाच्या हाडाशी थांबते आणि शर्टाची कफ अर्धा इंच दिसते. रायडिंग कोटाची बाही उभं राहिल्यावर इंचभर लांब वाटली पाहिजे, कारण कोपर वाकलं की ती वर जाते. शिवाय बाही थोडी पुढच्या अंगाला वळवून जोडायची असते. सरळ लोंबणारी बाही जोडली की कोपराच्या वर आडव्या चुण्या पडतात आणि दुरूनही त्या दिसतात.

खांद्याचे पॅड ब्लेझरला रुबाब देतात. घोड्यावर हात पुढे गेले की तेच पॅड कानाकडे चढतात आणि माणूस मान आखडून बसल्यासारखा दिसतो. पॅड पातळ ठेवावे किंवा काढूनच टाकावे. छातीतलं फ्युजिंगही, म्हणजे आकार धरायला आतून चिकटवलेलं कापडही, हलकं हवं.

आता मागचा कट. गंमत अशी की ब्लेझरच्या मागे जो कट असतो, तो मुळात घोडेस्वारीच्या कोटातूनच आला. पदर खोगिराच्या दोन्ही बाजूंना पडावेत म्हणून तो दिला जायचा. ब्लेझरनं तो शोभेपुरता ठेवला, म्हणून तो आखूड असतो. रायडिंग कोटात त्याला रोजचं काम आहे, म्हणून तो लांब असतो, कधी मधोमध एक, कधी दोन्ही बाजूंना दोन. जाड ट्वीडचा एक जुना प्रकार असतो, त्याला हॅकिंग जॅकेट म्हणतात. त्याचे खिसे तिरके असतात, कारण बसलेल्या माणसाचा हात आडव्या खिशात नीट जात नाही. तो सरावाला आणि फेरफटक्याला छान. स्पर्धेच्या काळ्या-निळ्या कोटांमध्ये मात्र तो वेगळाच उठून दिसतो, तेव्हा घेण्याआधी विचार करा.

बटणांबद्दल थोडक्यात. ब्लेझरला दोन बटणं, खालचं उघडं ठेवायची रीत. रायडिंग कोटाला बहुधा तीन किंवा चार, आणि ती लावलेली असतात. बसल्यावर शेवटचं बटण खोगिराच्या पुढच्या उंचवट्याच्या वर राहिलं पाहिजे. तिथं टेकलं तर पोटावर कोटाचं तोंड उघडतं.

कापडावर मात्र थांबायला हवं, कारण पैसा इथंच वाया जातो. शाळेचे ब्लेझर टेरीवूलचे, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या लोकरीच्या कापडाचे असतात. ते आकार धरतं, पण ताणत नाही, घाम बाहेर सोडत नाही आणि बहुतेक वेळा ड्रायक्लीनला द्यावं लागतं. पाचगणीच्या डिसेंबरच्या सकाळी ते सुखाचं वाटेल, पण तोच कोट घालून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर दुपारी स्पर्धेला उतरलात तर पहिल्या फेरीतच घामाघूम व्हाल. हल्लीचे रायडिंग कोट लायक्रा मिसळलेल्या, चारही बाजूंना ताणणाऱ्या कापडाचे असतात. काहींना काखेत आणि पाठीत जाळी असते आणि पुष्कळसे घरी धुता येतात. आमच्याकडे असं कापड आणून शिवायला सांगत असाल तर शिंप्याला एक प्रश्न जरूर विचारा: अस्तर कोणतं लावणार? कापड ताणणारं आणि आत साधं टॅफेटाचं अस्तर, म्हणजे ताण तिथंच संपला. बाहेरचं कापड कितीही भारी असो, कोट अस्तराइतकाच ताणणार. अस्तरही ताणणारं हवं, नाहीतर पाठीत मधोमध चुणी घालून मोकळं हवं, किंवा अर्ध्या पाठीपुरतंच हवं. सुईसुद्धा बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची लागते, साध्या सुईनं धागे तुटून भोकं पडतात.

इतकं झाल्यावर पुढचा प्रश्न येतो, रायडिंग कोट कोणता? कारण त्यातही दोन घरं आहेत. शो जंपिंगमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेत, स्वार पुढे झुकतो, खोगिरावरून उठतो, म्हणून कोट आखूड आणि पाठीत मोकळा. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या स्पर्धेत, स्वार ताठ आणि खोल बसतो. तिथला कोट थोडा लांब असतो आणि पदर खोगिरावर सपाट पडावे लागतात. वरच्या पातळीवर लांब शेपटांचा टेलकोट घालतात. ती शेपटं उडू नयेत म्हणून त्यांच्या टोकांत वजनं शिवलेली असतात. त्याच्यासोबतची उंच काळी टोपी आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेली, २०२१ पासून तिथं हेल्मेट सक्तीचं आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ नंतर पहिल्यांदाच आलं होतं. ते फोटो मोबाइलवर दाखवून टेलकोट मागणारे पालक आले. त्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो, नवशिक्या मुलांना साधा आखूड कोट पुरतो. दोन्ही प्रकार खेळणाऱ्यानं एकच घ्यायचा तर जंपिंगपेक्षा बोटभर लांब आणि ड्रेसाजपेक्षा बोटभर आखूड असा मधला घ्यावा. ड्रेसाज, जंपिंग आणि क्रॉस-कंट्री अशा तिन्ही फेऱ्या असलेल्या इव्हेंटिंगवाल्यांचंही त्यात भागतं, कारण मोकळ्या रानातल्या क्रॉस-कंट्रीच्या फेरीत कोट नसतोच, तिथं छाती-पाठ जपणारा बॉडी प्रोटेक्टर असतो. सैन्य आणि पोलिस दलांतले स्वार त्यांच्या गणवेशात उतरू शकतात.

आता शोभण्याबद्दल, कारण मुली हे विचारायला लाजतात आणि मग मनात धरून बसतात. घोड्यावरचा माणूस बाजूनं आणि मागून जास्त दिसतो. परीक्षकही मैदानाच्या कडेनं वेगवेगळ्या बाजूंना बसलेले असतात. त्यामुळे आरशात समोरून पाहून कोट पसंत करणं अर्धवट आहे. मागून मान ते कंबर ही रेघ सरळ दिसली की कोणतीही अंगकाठी डौलदार दिसते. रायडिंग कोटाची कंबर खऱ्या कंबरेच्या किंचित वर घेतात, त्यामुळे पाय लांब दिसतात. ब्लेझरची कंबर खाली असते, बसल्यावर ती दुमडून पोटावर वळी पाडते आणि सडपातळ मुलगीही जाड दिसते.

अंगानं भरलेल्या मुली आणि बायका हमखास म्हणतात, "काका, सैल ठेवा, झाकलं जाईल." झाकलं जात नाही. सैल कापड वाऱ्यानं फुगतं आणि बसल्यावर त्याच्या घड्या पडतात. छाती आणि खांद्याला नेमका, कमरेला हलका आकार, खाली थोडा घेर, असा कोट त्यांना सगळ्यात छान दिसतो. छाती भरलेली असेल तर तयार कोट छातीच्या मापानं घ्या आणि कंबर आवळून घ्या. कंबरेच्या मापानं घेतलेला कोट छातीत कधीच वाढवता येत नाही. आणखी एक: कोटाची किनार नितंबाच्या सर्वांत रुंद भागावर थांबू देऊ नका, बोटभर वर किंवा खाली ठेवा. धड आखूड असेल तर वर, लांब असेल तर खाली. शरीर जसं आहे तसं चांगलंच आहे, कापडानं त्याच्याशी भांडायचं कारण नाही.

रंग माझ्या मते नेव्ही ब्लूच. काळ्यावर पाचगणीची तांबडी धूळ आणि पांढऱ्या घोड्याचे केस लगेच दिसतात. करडा आणि गडद हिरवाही शोभतो, पण स्पर्धेच्या माहितीपत्रकात पोशाखाचे नियम दिलेले असतात, ते आधी वाचा. उन्हाळ्यात आयोजक कधी कधी कोट काढून उतरायची परवानगी देतात, म्हणून आतला शर्ट बाह्यांचा आणि कॉलरचा, नीटनेटका असावा.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी शिंप्याला बाहीत आणि बाजूंना माया, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, सोडायला सांगा. टेरीवूलमध्ये दोन वर्षं सहज निघतात. लायक्राच्या कापडात जुन्या शिलाईची भोकं उसवल्यावर दिसतात, त्यामुळे तिथं मायेचा उपयोग कमी. पण मूल वाढतंय म्हणून पाठ दोन इंच मोठी घेऊ नका. बाही दुमडून चालते, खांदा उतरलेला चालत नाही.

एअर व्हेस्ट, म्हणजे हवेचं सुरक्षा जाकीट, वापरत असाल तर ती कोटाच्या आत घालणार की बाहेर, हे मापाच्या दिवशीच सांगा. पडल्यावर ती क्षणात फुगते. आत घालायची असेल तर कोट तिच्यासाठीच बनवलेला हवा, फुगायला जागा असलेला किंवा पुढून सहज उघडणारा. घट्ट कोटाखाली ती घालणं धोक्याचं आहे आणि तसा कोट मी शिवून देत नाही.

त्या वाईच्या मुलीचा कोट मी पैसे न घेता दुसऱ्यांदा शिवला. त्या वेळी दुकानातलं लाकडी बाक ओढलं, तिला त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसवलं, हातात दोरी दिली आणि तशीच मापं घेतली. तेव्हापासून प्रत्येकाला तसंच बसवतो. तुमच्या गावातल्या शिंप्याकडे जाणार असाल तर त्यालाही एवढं करायला सांगा. बसून हात पुढे करा, कॉलर मानेला चिकटून राहते का बघा, सगळी बटणं लावून खोल श्वास घ्या, मग मागून कुणाला तरी फोटो काढायला सांगा. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी या, आणि येताना आत घालायचा शर्ट, ब्रीचेस म्हणजे घोडेस्वारीची तुमान, आणि असेल तर व्हेस्ट बरोबर आणा. बूट आणले नाहीत तरी चालेल.