गोठ्याच्या आत काय चालतं, हे कळू न देणारे कायदे

औद्योगिक पशुपालनाच्या जागी गुपचूप चित्रीकरण करणं गुन्हा ठरवणारे कायदे अमेरिकेतल्या काही राज्यांनी केले. ‘अ‍ॅग-गॅग’ या नावाने ते ओळखले जातात. चर्चा होते ती बहुधा प्राण्यांच्या हालांची. पण तिथलं मांस, अंडी खाणाऱ्यांच्या आणि शेजारी राहणाऱ्यांच्या आरोग्याचाही हा प्रश्न आहे.

पहिला कायदा कॅन्ससचा, १९९० चा. पुढच्याच वर्षी माँटाना आणि नॉर्थ डकोटाने तसे कायदे केले. त्यानंतर बरीच वर्षं नवी भर पडली नाही.

२००८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या कत्तलखान्याचं छुपं चित्रण बाहेर आलं. उभंही राहता न येणाऱ्या गाईंना विजेचे झटके देऊन, फोर्कलिफ्टने ढकलून उठवलं जात होतं. अशी जनावरं अन्नात येऊ न देण्याचा नियम ‘मॅड काउ’ या, माणसालाही होऊ शकणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या धोक्यामुळे केलेला होता. सरकारी निरीक्षक तिथे नेमलेले असूनही हे उघड केलं ते एका छुप्या कॅमेऱ्याने. सुमारे साडेसहा कोटी किलो गोमांस परत मागवावं लागलं. त्यातलं काही शाळांच्या जेवणात गेलं होतं आणि बरंचसं खाऊनही झालं होतं. २०१० मध्ये साल्मोनेला या जंतूच्या साथीमुळे आयोवातल्या दोन कंपन्यांना ५० कोटींहून जास्त अंडी परत मागवावी लागली.

यानंतर निरीक्षण कडक करण्याची मागणी होणं साहजिक होतं. आयोवाने मात्र २०१२ मध्ये खोटं सांगून फार्मवर नोकरी मिळवणं, म्हणजे छुपं चित्रण करणाऱ्यांचा आत शिरण्याचा मार्ग, हाच गुन्हा केला. त्याच वर्षी युटा आणि २०१४ मध्ये आयडाहो त्याच वाटेने गेले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयांनी यांतले अनेक कायदे पूर्णतः किंवा अंशतः रद्द केले. आयोवाचा कायदा जानेवारी २०१९ मध्ये रद्द झाला, तर मार्चमध्ये राज्याने नवा केला. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने जुन्यातला एक भागही वैध ठरवला.

कॅमेऱ्याएवढीच महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे हवा. शेणमुताच्या साठ्यांतून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतात. डोळे चुरचुरतात, श्वसनमार्गाला त्रास होतो. दिवसाला १०० पौंडांपेक्षा जास्त वायू सुटला तर कळवण्याचं बंधन कायद्यात होतं. २००८ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने बहुतेक फार्मना त्यातून सूट दिली. ती २०१७ मध्ये न्यायालयाने रद्द केली, तेव्हा २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायदा करून केंद्राला कळवण्याची अट काढली आणि २०१९ मध्ये त्या संस्थेने राज्य व स्थानिक यंत्रणांना कळवण्याचीही.