खड्ड्यामुळे अपघात झाला असेल तर भरपाईचा अर्ज : कागद कुठे अडतात आणि काय करायचं

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. हा आदेश फक्त मुंबईपुरता आहे असं आपल्याकडे कोकणात अजून अनेकांना वाटतं. तसं नाही. नगरपरिषदांनाही तो लागू आहे. दुसऱ्या कायद्याखाली मिळणारी भरपाई यामुळे बंद होत नाही, विम्याचा दावा वेगळा करता येतो.

अर्ज साध्या कागदावर करता येतो. अपघाताची तारीख, वेळ, जागा, दुखापत, खर्च, बँकेचा तपशील लिहिला की झालं. अर्ज मागे येतात ते सोबतच्या कागदांमुळे.

सर्वात मोठी अडचण म्हणजे हातातल्या एकाही सरकारी कागदावर खड्ड्याचा उल्लेख नसतो. माणूस रक्तबंबाळ अवस्थेत ग्रामीण रुग्णालयात पोचतो, केसपेपर काढणारा विचारतो "काय झालं?", सोबतचा शेजारी घाईत सांगतो "गाडीवरून पडले". तेवढंच लिहिलं जातं. पुढे पोलीस तोच कागद बघून "मोटारसायकल घसरून" अशी नोंद करतात. मृत्यू झाला असेल तर कधीकधी मयतावरच भरधाव वेगाने, हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवला जातो, आणि घरच्यांना ते दिवसकार्य उरकल्यावर कळतं. मग भरपाई ठरवणाऱ्या समितीसमोर तोच कागद आडवा येतो.

म्हणून रुग्णालयात जो कोणी सोबत जाईल त्याने पहिल्याच नोंदीत "रस्त्यावरील खड्ड्यात गाडी आदळून पडल्याने" असं लिहून घ्यावं. पोलिसांना जबाब देतानाही तेच, आणि सही करण्याआधी जबाब वाचून बघा. घटनास्थळ पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आली पाहिजे. ती आली नसेल तर लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब नोंदवायला सांगा. पोलीस नाही म्हणाले तरी त्या अर्जाची पोच घ्या. निदान तुम्ही वेळेत सांगितलं होतं, एवढं तरी सिद्ध होतं.

फोटो त्याच दिवशी काढा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खड्डा पाण्याने भरलेला असतो, फोटोत नुसतं डबकं दिसतं आणि खोली कळत नाही. त्यात काठी उभी करा, भिजलेला भाग टेपने मोजा आणि मोजतानाचाच फोटो घ्या. दुसरा फोटो लांबून, ज्यात शेजारचं दुकान किंवा वीजखांबाचा नंबर दिसेल. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत पुरत नाही, मूळ फोटो फोनमध्येच ठेवा, कारण तारीख-वेळेची माहिती त्यातच राहते. आणि उशीर करू नका. गणपतीला चाकरमानी यायच्या आधीच्या आठवड्यात एका रात्रीत खड्ड्यात जांभ्याचे तुकडे आणि खडी पडते. अपघाताची जागा दाखवायला गेलात तर तिथे सपाट लाल ठिगळ असतं.

दुसरी अडचण, रस्ता कोणाचा? नगरपंचायतीत गेलं की "तो बांधकाम खात्याचा", बांधकाम खात्यात गेलं की "तो महामार्गवाल्यांचा". आजारी माणसाच्या घरच्यांना असं फिरवणं अत्यंत संतापजनक आहे, पण रोज चालतं. किलोमीटरच्या दगडाच्या रंगावरून अंदाज येतो : पिवळा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग. मुंबई-गोवा महामार्गावर तर हमखास चूक होते. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, पण इंदापूरपासून पुढे झारापपर्यंतचं काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. चिपळूण-कणकवलीकडचे लोक प्राधिकरणाला अर्ज पाठवून उत्तराची वाट बघत बसतात.

यावर उपाय आहे. नगरपरिषद असेल तर समितीत मुख्याधिकारी असतात, इतर यंत्रणेच्या रस्त्यासाठी त्या यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव प्रत्येक समितीत असतात. रस्ता कोणाचा याची खात्री नसेल तर संशय असलेल्या दोन्ही कार्यालयांना अर्ज द्या आणि एक प्रत या सचिवांना द्या. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं : रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी (ओरोस) किंवा अलिबाग. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, शेवटचं काम कोणत्या ठेकेदाराने केलं, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत) कधी संपतो, आणि या जागेबद्दल आधी आलेल्या तक्रारींच्या प्रती. कार्यालय चुकलं तर पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत तीस दिवस, पण त्यासाठी भरपाईचा अर्ज थांबवू नका.

मुदतीबाबत एक गैरसमज फार नुकसान करतो. "अठ्ठेचाळीस तासांत तक्रार केली नाही, आता काही मिळणार नाही" असं म्हणून लोक घरी बसतात. ते ४८ तास तुमच्यासाठी नाहीत. खड्डा निदर्शनास आल्यावर तो बुजवायला यंत्रणेला, आणि अपघाताची माहिती समितीला कळवायला पोलिसांना ती मुदत दिली आहे. भरपाई द्यायची मुदत सहा ते आठ आठवडे आहे आणि ती दावा मिळाल्यापासून मोजतात. म्हणूनच आवक शिक्क्याची तारीख महत्त्वाची. मुदत उलटली तर ९ टक्के व्याज लागतं, याची आठवण पत्रात स्पष्ट शब्दांत करून द्या.

मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. सातबाऱ्यावरची वारस नोंद म्हणजे वारस दाखला नव्हे. तलाठ्याकडचा फेरफार घेऊन आलेल्या कितीतरी विधवांना परत पाठवलेलं पाहिलं आहे. दाखला दिवाणी न्यायालयातून निघतो आणि त्याला वेळ जातो, तेव्हा त्याचा अर्ज लगेच करा, पण भरपाईचा अर्ज "दाखला प्रलंबित" असं नमूद करून आधीच दाखल करा.

अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर उठू नका, कारणं लेखी मागा. वकिलाची ऐपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून ही प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरमधल्या सर्किट बेंचकडे जातात.